घरचे इस्पितळ : एका नामंजूर अर्जाच्या निमित्ताने

आपल्या संघाच्या वैद्यकीय साहाय्य निधीच्या समितीवर आम्ही काही वर्षे काम केले. त्या काळात आमच्या हाताखालून गेलेल्या अर्जांपैकी बहुतेकांचा आम्हांस विसर पडला आहे. एकाचा मात्र पडत नाही. २०२१ च्या उन्हाळ्यात डोंबिवलीच्या एका सभासद-कुटुंबाकडून तो आला होता. घरातील कर्ते गृहस्थ करोनाने आजारी पडले, जवळपास कोठेही खाट मिळेना, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने अकरा दिवस घरीच उपचार झाले व ते बरे झाले. अर्जाला औषधांच्या पावत्या, प्राणवायूच्या यंत्राच्या भाड्याची पावती आणि एक शाळकरी वही जोडली होती. वहीत पट्टीने रकाने आखून दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, ताप, नाडी, श्वास आणि रक्तातील प्राणवायू यांचे आकडे घरच्या सूनबाईंनी लिहिले होते. प्रत्येक पानाचे छायाचित्र डॉक्टरांच्या फोनवर जाई आणि त्यांच्या सूचना समासात लाल शाईने उतरत. निधीच्या नियमावलीत ‘रुग्णालयात किमान चोवीस तास दाखल’ असे शब्द आहेत, व पुरावा म्हणून डिस्चार्ज कार्ड मागितले जाते. ते कार्ड नव्हते. अर्ज नामंजूर झाला. त्या ठरावावर आमचीही सही आहे.

ठराव नियमास धरून होता, यात शंका नाही. परंतु तो नियम ज्यांनी लिहिला त्यांच्या मनात इस्पितळ म्हणजे इमारत, आणि आजाऱ्यावरील गंभीर उपचार म्हणजे त्या इमारतीतील खाट, असे समीकरण पक्के होते. ते केव्हा जुळले आणि केव्हा सुटू लागले, हे पाहावे असे आम्हांस वाटू लागले. आम्ही डॉक्टर नव्हेत, इतिहासाचे हौशी वाचक आहोत. तरी जे हाती लागले ते ज्ञातिबंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत.

इस्पितळावरचा आपला विश्वास फार जुना नाही. १८९६ साली मुंबईत आणि पाठोपाठ पुण्यात प्लेग शिरला, तेव्हा सरकारी माणसे व गोरे सोल्जर घराघरांत घुसून आजारी माणसे हुडकीत आणि त्यांना प्लेगच्या इस्पितळात नेत. लोक आजाऱ्याला माळ्यावर, कोठीत लपवून ठेवीत. कारण तेथे गेलेला परत येत नाही अशी समजूत होती, आणि तेथे सोवळेओवळे, अन्नपाणी यांचा विचार राहत नाही, ही धास्ती निराळीच. त्यातून वाट निघाली ती अशी की मुंबईतील निरनिराळ्या ज्ञातींनी आपापली खाजगी प्लेग-इस्पितळे उघडली. ज्ञातिसंस्थांच्या इतिहासांत वसतिगृहे व शिष्यवृत्त्या यांची नोंद अगत्याने होते. या इस्पितळांची क्वचितच होते. वास्तविक आजाऱ्याची सोय त्याच्या माणसांच्या जवळ व्हावी, ही मागणी आपल्या पूर्वजांनी तेव्हाच केली होती. त्या धांदलीत जन्मलेला १८९७ चा साथरोग कायदाच २०२० साली महाराष्ट्रात पुन्हा बाहेर काढावा लागला, हाही काळाचा एक विनोदच म्हणावयाचा.

पुढील पन्नास-साठ वर्षांत चित्र पालटले. क्ष-किरणांचे यंत्र, रक्ताची तपासणी, निर्जंतुक शस्त्रक्रियागृह या गोष्टी घरोघर नेण्याजोग्या नव्हत्या. त्यांच्याकडे आजाऱ्यालाच जावे लागे. पण आमच्या मते इस्पितळाचे खरे बळ याहून साध्या गोष्टीत होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ताप मोजण्याची नळी सुमारे फूटभर लांब होती आणि तिचा आकडा स्थिर होण्यास वीस मिनिटे लागत. टॉमस क्लिफर्ड ऑलबट या इंग्रज डॉक्टराने १८६० नंतरच्या दशकात ती सहा इंचांवर आणली व काम पाच मिनिटांवर आले. मोजणे असे सुलभ झाले, तशी ठराविक वेळी मोजून तक्ता भरण्याची रीत रूढ होत गेली. औषधाची बाटली घरीही येत होती, डॉक्टरही घरी येत होते. येत नव्हता तो हा पहारा : कोणीतरी जागे आहे, वेळेवर मोजते आहे, आणि आकडा बिघडला तर धाव घेणारे हाकेच्या अंतरावर आहे.

हा पहारा भिंतींवाचून चालू शकतो, याचा एक फार मोठा पुरावा आपल्याच देशात मिळाला, हे पुष्कळांना ठाऊक नसते. क्षयरोगाला त्या काळी ‘राजयक्ष्मा’ म्हणत, आणि त्यावर उपाय म्हणजे सॅनिटोरियम. मिरज, पाचगणी ही नावे जुन्या मंडळींनी दबक्या आवाजात उच्चारलेली आम्ही ऐकली आहेत. स्वच्छ हवा, सकस अन्न, सक्तीची विश्रांती आणि घरच्यांची ताटातूट, तीही वर्षवर्षभर. आमच्या एका आत्याबाई अशाच गेल्या होत्या. घरी त्यांचे धाकटे मूल चालू लागले ते त्यांना पोस्टकार्डावरून कळले. पैसेवाल्यांची ही कथा. देशातील बाकी लक्षावधी रोग्यांना खाट मिळण्याची आशाच नव्हती.

१९५६ साली मद्रासमध्ये क्षयरोग रसायनोपचार केंद्र स्थापन झाले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांचा तो संयुक्त उपक्रम होता, आणि वॉलेस फॉक्स हे त्याचे सुरुवातीचे धुरीण. त्यांनी १९३ रोगी घेतले व चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन भाग केले. एका भागाला वर्षभर सॅनिटोरियम. दुसऱ्याला तीच औषधे, आयसोनियाझिड व पी. ए. एस., पण राहावयाचे आपापल्या घरी. ती घरे म्हणजे मद्रासच्या गरीब वस्तीतील दाटीवाटीच्या खोल्या. सॅनिटोरियमवाल्यांना अन्न अधिक चांगले, विश्रांती अधिक, परिचारिका हाताशी. निकाल १९५९ साली प्रसिद्ध झाला. सॅनिटोरियममधील शेकडा ९२ व घरचे शेकडा ८६ रोगी वर्षअखेर रोग शमलेल्या स्थितीत होते. घरच्या माणसांना लागण होण्याचे प्रमाणही रोगी घरी राहिल्याने वाढलेले दिसले नाही. कारण जो संसर्ग व्हावयाचा तो बहुधा रोग ओळखू येण्यापूर्वीच होऊन गेलेला असे. पाच वर्षांनी पुन्हा पाहिले, तेव्हा दोन्ही भागांत म्हणण्यासारखा फरक उरला नव्हता. पुढे जगभरची सॅनिटोरियमे एकामागून एक बंद झाली, त्याला जी कारणे झाली त्यांत या अभ्यासाचे स्थान फार वरचे आहे.

या हकिगतीतील एक तपशील आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. घरी सोडलेल्या रोग्याला त्या केंद्राने वाऱ्यावर सोडले नव्हते. केंद्राची माणसे अवचित घरी जात, उरलेल्या गोळ्या मोजीत, आणि लघवीची तपासणी करून औषध खरोखर पोटात गेले की नाही याची खात्री करून घेत. म्हणजे इस्पितळाचा पहारा इमारतीबाहेर पडला, पण पायी. क्षयासारख्या मंदगती रोगाला तेवढे पुरले. न्यूमोनिया किंवा हृदयविकार यांत प्रसंग तासा-दोन तासांत पालटतो. तेथे पहारेकरी पायी येऊन भागत नाही.

तारेवरून धावणाऱ्या पहाऱ्याची गोष्ट मात्र याच्या अर्धशतक आधी सुरू झाली होती. हॉलंडमधील लायडन येथे विलेम आइन्थोव्हेन यांनी हृदयाच्या विजेचा आलेख काढणारे यंत्र सिद्ध केले. तेच आजच्या ई. सी. जी.चे मूळ. यंत्राचे वजन सुमारे २७० किलो, आणि ते चालवावयास पाच माणसे लागत. ते प्रयोगशाळेतून हलविणे अशक्य, आणि इस्पितळातील रोगी प्रयोगशाळेपर्यंत आणणे धोक्याचे. तेव्हा १९०५ साली त्यांनी टेलिफोनच्या तारेने दोहोंना जोडले. रोगी दीड किलोमीटरवर, हातपाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसलेला. त्याच्या हृदयाची रेघ उमटे ती प्रयोगशाळेत. रोग्याच्या अंगाला हात न लावता, त्याचे तोंडही न पाहता त्याचे हृदय पाहणारा हा पहिला प्रसंग. आइन्थोव्हेन यांना १९२४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. अमेरिकेतील नॉर्मन होल्टर यांनी १९४७ च्या सुमारास तार काढून टाकून रेडिओ लावला. त्यांचे यंत्र पाठीवर बांधावे लागे आणि ते भरे सुमारे ३८ किलो. लग्नाच्या पंगतीचे सामान वाहणाऱ्या हमालालाही ते जड झाले असते. पुढच्या काळात ते खिशात मावू लागले.

परंतु ज्या वस्तूने पहारा खरोखर घरात आणला ती जपानची. ताकुओ आओयागी हे निहोन कोहडेन या कंपनीतील अभियंते. हृदय मिनिटाला किती रक्त ढकलते, हे कानावर प्रकाश टाकून मोजण्याच्या खटपटीत ते होते. नाडीच्या ठोक्यागणिक आकडा थरथरे आणि मापन बिघडे. ही थरथर घालविण्याची युक्ती शोधता शोधता त्यांच्या ध्यानात आले की, जिला आपण अडथळा समजतो त्या थरथरीतच उत्तर आहे. ठोक्याबरोबर हलते ते रोहिणीतील ताजे रक्त. लाल आणि अवरक्त अशा दोन प्रकाशांत ती हालचाल पडताळली की त्या रक्तात प्राणवायू किती हे कळते, सुई न टोचता. हे १९७४ साली घडले. त्यातून निघालेले यंत्र प्रथम शस्त्रक्रियागृहात गेले, मग वॉर्डात, आणि अखेरीस चिमट्यासारखे बोटावर बसू लागले. आओयागी २०२० च्या एप्रिलमध्ये वारले. त्यांचे यंत्र घरोघर पोहोचण्याचा हंगाम नेमका तेव्हाच सुरू होत होता.

दरम्यान डॉक्टरांनी इस्पितळ घरी नेण्याचे प्रयत्न चालविलेच होते. न्यूयॉर्कच्या मॉन्टेफिऑरी इस्पितळाने १९४७ साली आणि पॅरिसच्या सार्वजनिक रुग्णालय-व्यवस्थेने १९५७ साली आपले रोगी घरी ठेवून त्यांची रीतसर देखभाल सुरू केली. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्सचे ब्रूस लेफ आणि त्यांचे सहकारी यांनी १९९० नंतर यात नवा प्राण ओतला. त्यांनी निवडले ते वृद्ध, आणि आजार चार : न्यूमोनिया, हृदयाची दुर्बलता, जुनाट दमा-खोकला व त्वचेखालचा जंतुदोष. २००५ साली ४५५ रोग्यांचा जो अहवाल आला त्यात घरी ठेवलेल्यांचे उपचार लवकर आटोपले, खर्च कमी झाला, आणि विशेष म्हणजे म्हाताऱ्यांना इस्पितळात होतो तो भ्रम घरी कमी झाला. ज्यांनी आपल्या आजोबांना अनोळखी वॉर्डात रात्री ‘मला घरी न्या’ म्हणून खाटेवरून उतरताना पाहिले आहे, त्यांना याचे आश्चर्य वाटणार नाही. हा अभ्यास चिठ्ठ्या टाकून केलेला नव्हता, हे सांगणे प्रामाणिकपणाचे होईल. ती उणीव बोस्टनच्या ब्रिगम अँड विमेन्स इस्पितळाने भरून काढली. तेथील ९१ रोग्यांच्या अभ्यासात, जो २०२० साली छापून आला, घरच्या उपचाराचा खर्च शेकडा ३८ नी कमी भरला. आणि महिनाभरात पुन्हा इस्पितळात जावे लागलेले घरचे शेकडा ७, तर इस्पितळातले शेकडा २३ होते.

तेथे हे चालते कसे, ते थोडक्यात सांगतो. तातडीच्या विभागात डॉक्टर रोग्याला तपासतात. दाखल करण्याइतका आजारी, पण अतिदक्षतेची गरज नाही, असा तो असावा लागतो. मग तो घरी जातो आणि त्याच्या मागोमाग इस्पितळ. छातीला चिकटविलेली पट्टी नाडी, श्वास व ताप अखंड कळवीत राहते. शिरेतून द्यावयाचे औषध आणि प्राणवायू घरी येतात, रक्त घरीच तपासले जाते, क्ष-किरणाचे यंत्रही दारात येऊ शकते. डॉक्टर रोज पाहतात. नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकी सरकारने वृद्धांच्या आरोग्यविम्यातून यासाठी पैसे देण्याचे ठरविले, तेव्हा अट घातली की दिवसातून दोनदा परिचारिकेने वा तत्सम प्रशिक्षित माणसाने प्रत्यक्ष घरी गेलेच पाहिजे, आणि हाक दिल्यापासून तीस मिनिटांत मदत पोहोचली पाहिजे. ही सवलत तात्पुरती म्हणून दिलेली आणि तुकड्यातुकड्याने वाढविलेली. १ ऑक्टोबर २०२५ रोजी तेथील सरकारचे कामकाज ठप्प झाले तेव्हा तिची मुदतही सरली, आणि घरी असलेल्या रोग्यांना इस्पितळात आणावे लागले किंवा मोकळे करावे लागले; नोव्हेंबरात ती पुन्हा वाढविली. यंत्रे तीच, डॉक्टर तेच. एका कागदाची तारीख उलटली आणि घर हे इस्पितळ राहिले नाही. आमच्या समितीच्या ठरावाची आम्हांस येथे आठवण झाली.

परदेशाच्या या कथा श्रीमंतीच्या आहेत, असे कोणी म्हणेल. त्याने गडचिरोलीकडे पाहावे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९९५ पासून तेथील ३९ खेड्यांत नवजात बालकांची घरच्या घरी शुश्रूषा आरंभिली. इस्पितळ दूर, रस्ते पावसात बंद, आणि बाळंतिणीला घराबाहेर काढण्यास घरचे नाखूष. गावातीलच थोड्या शिकलेल्या स्त्रियांना बाळाचे वजन करणे, ताप पाहणे, श्वास मोजणे शिकविले. ज्या दायांना मोजता येत नसे त्यांच्यासाठी मिनिटाची वाळूची घटिका आणि ओळीने लावलेले मणी असे एक साधन बनविले होते. बाळाच्या रक्तात जंतुदोष पसरल्याची लक्षणे दिसली तर त्या स्त्रिया जेंटामायसिनचे इंजेक्शनही घरीच देत, जे एरवी इस्पितळातच द्यावयाचे. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला : नवजात मृत्यूंचे प्रमाण शेकडा ६२ नी उतरले. वीज नव्हती, तार नव्हती; पहारा होता. दूरनिरीक्षणाच्या गोष्टी सांगणाऱ्यांनी हे मणी विसरू नयेत, असे आम्हांस आग्रहाने वाटते.

आता २०२० व २०२१. त्या दिवसांचे वर्णन येथे करीत नाही. या स्मरणिकेच्या श्रद्धांजलीच्या पानांनी ते त्या वर्षी केले आहे. २५ मार्च २०२० रोजी भारत सरकारने दूरवैद्यकाचे नियम जाहीर केले आणि फोनवरून सल्ला व औषधयोजना यांना स्पष्ट मान्यता मिळाली. सौम्य आजाऱ्यांनी घरी राहण्याविषयी केंद्राच्या ज्या सूचना निघाल्या त्यांत एक अट होती : चोवीस तास देखभाल करणारे माणूस घरात हवे. २०२१ च्या सूचनांत प्राणवायूचा आकडा ९४ च्या खाली गेल्यास ताबडतोब वैद्यकीय मदत घ्यावी, असे म्हटले होते. म्हणजे सरकारने पहारा आवश्यक मानला, त्याचा उंबरठाही ठरवून दिला. पहारेकऱ्याचा मोबदला तेवढा कोठे लिहिला नाही. परदेशी अहवालांत खर्च कमी झाला असे जे म्हणतात, त्यात घरच्या माणसाच्या जागरणाची किंमत धरलेली असते का, हे वाचकांनी विचारावे. आपल्या घरांत ते माणूस कोण असते, हे सांगावयास नको.

आणखी एक सावधगिरी. बोटावरचे यंत्र सर्वांना सारखे वाचत नाही. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, यंत्र ९२ ते ९६ दाखवीत असताना प्रत्यक्षात प्राणवायू ८८ च्या खाली असल्याचे कृष्णवर्णीय रोग्यांत शेकडा ११.७ वेळा आढळले, गोऱ्यांत शेकडा ३.६ वेळा. यंत्र घडले ते मुख्यत्वे गोऱ्या कातडीवर पारखून. सावळ्या माणसांनी आकड्याबरोबर माणसाकडेही पाहावे : तो एक वाक्य न थांबता बोलू शकतो का, ओठ कसे दिसतात. नखावर रंग असेल किंवा बोट गार असेल तर आकड्यावर भरवसा ठेवू नये. दोन खोल्यांच्या घरात सहा माणसे असतील, किंवा जवळ धावून येणारी गाडी नसेल, तर इस्पितळच बरे. तेथे खाट मिळत असताना हट्टाने घरी राहण्याचा सल्ला आम्ही कोणासही देणार नाही.

सभासदांना उपयोगी पडेल असे एक येथेच नोंदवितो. आपल्या आरोग्यविम्याच्या कागदांत ‘डोमिसिलियरी हॉस्पिटलायझेशन’ असे एक कलम पुष्कळदा असते, पण वाचतो कोण? रोगी हलविण्याच्या स्थितीत नसेल किंवा रुग्णालयात जागाच नसेल, तर इस्पितळात घ्यावे लागले असते असे उपचार घरी घेतल्याचा खर्च त्याखाली मागता येतो. कोणते आजार वगळले आहेत आणि किमान किती दिवस लागतात, हे ज्याने त्याने आपल्या कागदात पाहावे. निव्वळ सोयीसाठी घरी राहिल्यास हे कलम लागू होत नाही. तरीही विमा कंपन्यांना जे सुचले ते आपल्या निधीला सुचले नव्हते, हे कबूल केले पाहिजे.

येत्या वार्षिक सभेपुढे आम्ही नियमदुरुस्तीची सूचना दिली आहे. ‘रुग्णालयात दाखल’ या शब्दांपुढे ‘किंवा नोंदणीकृत डॉक्टरच्या लेखी सल्ल्याने घरी, रोजच्या नोंदींसह’ एवढे शब्द घालावेत, आणि परिचारिकेचा व यंत्राच्या भाड्याचा खर्च ग्राह्य धरावा, अशी ती आहे. खोट्या वह्या येतील, असा आक्षेप समितीतील काही मित्रांनी घेतला आहे व तो अगदीच पोकळ नाही. खोटी बिलेही येतात, आणि ती ओळखण्यास आपण शिकलोच आहोत. दुरुस्ती मंजूर झाल्यास २०२१ चा तो अर्ज फेरविचारासाठी घ्यावा, अशी दुसरी सूचनाही सोबत आहे.

वही अर्जाबरोबर परत करावयाची राहून गेली. ती अजून कार्यालयाच्या कपाटात आहे. त्या कुटुंबाची परवानगी आम्ही घेतली आहे, व सभेच्या दिवशी ती टेबलावर ठेवली जाईल. सातव्या रात्रीच्या पानावर तीन वाजताचा आकडा ८९ आहे. पुढे समासात लाल शाईने लिहिले आहे : ‘डॉक्टरांना फोन. पालथे निजविले. ३.२५ : ९३. चार वाजता पुन्हा पाहणे.’ आणि खाली चारचा आकडा आहे, साडेचारचा आहे, पाचचा आहे.